ओमान : मस्कत ते सलालाह किनाऱ्याने स्वतः गाडी चालवत, वय ६६ आणि ६२. जमेल का?

सांगलीकर_निवांत

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ६६, बायको ६२, दोघं रिटायर. मी वीज मंडळात होतो, ही शाळेत गणित शिकवायची. गेल्या वर्षी एका टूरबरोबर दुबई केलं, सकाळी साडेसहाला बसमध्ये बसायचं आणि रात्री पेंगत उतरायचं, काय काय बघितलं ते घरी येऊन फोटो बघितल्यावर कळलं. तेव्हाच ठरवलं की पुढचा परदेश आपला आपण. तर जानेवारीत ओमान.

प्लॅन असा की मस्कतला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राला धरून खाली जायचं. कुरियात, सूर, रास अल हद्द, मसिरा बेट, दुक्म, हासिक, मिरबात आणि शेवटी सलालाह. नऊ दिवस धरलेत, परत येताना विमान. गाडी मी चाळीस वर्षं चालवतोय, कोकणातले घाट, रात्रीचा पाऊस, सगळं झालंय, पण उजवीकडून कधी चालवली नाही. मुलगा म्हणतो ड्रायव्हर घ्या, मला ते पटत नाही. प्रश्न इतकेच : डावीकडचं स्टिअरिंग या वयात जमतं का, लायसनचं काय, आणि रस्त्यात खायचं काय, कारण ही शाकाहारी आहे आणि हिचा उजवा गुडघा जरा धरतो.

पाटीवरचा_दगड

काका स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मुलगा बरोबर बोलतोय. परक्या देशात अपघात झाला तर चूक कुणाची हे ठरेपर्यंत तुम्ही तिथेच अडकणार, पोलीस रिपोर्टशिवाय गाडीवाला गाडी परत घेत नाही, आणि यात सुट्टीचे तीन दिवस कसे जातात ते मी दुसऱ्या एका देशात बघून आलोय. माझे डिपॉझिटचे पैसे परत यायला दोन महिने लागले, तेही रोज मेल टाकून. ड्रायव्हर घ्या, मागे दोघं बसा, गप्पा मारत जा.

रुवीतला_जोशी

मी मस्कतमध्ये २२ वर्षं आहे, त्यामुळे जरा मोठं लिहितो.

गाडी चालवणं अजिबात अवघड नाही, उलट आपल्याकडून आलेल्या माणसाला इथे कंटाळा येईल इतकं सरळ आहे. मस्कत ते सूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, दुपदरी दुभाजकाचा रस्ता, मर्यादा १२०. कॅमेरे मात्र जागोजागी आणि दंड गाडीवाल्यामार्फत तुमच्या कार्डावर बरोबर येतो. बऱ्याच गाड्या १२० च्या वर गेलं की टिंग टिंग वाजत राहतात, ते बंद करायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या भल्यासाठीच आहे. मस्कत ते सूर ते परत याला फोर बाय फोर लागत नाही, साधी सेडान बास. ऑटोमॅटिकच मिळते बहुतेक आणि तीच घ्या, उजव्या हाताने गिअर टाकायची कसरत कशाला.

सवय व्हायला अर्धा दिवस. गंमत एकच होते की आपल्या गाडीत इंडिकेटर उजव्या हाताला असतो आणि इथे डाव्या, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर चालू होतो. सगळ्यांचं होतं. खरी काळजी घ्यायची ती राउंडअबाउटला. इथे गोल उलट्या दिशेने फिरायचं असतं आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि तिथे कोणीच नसतं. विमानतळावरून निघताना काकूंना फक्त एकच काम द्या, वळलं की "उजवी लेन" असं म्हणायचं.

भारतीय लायसन आणि सोबत आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट घेऊन या, हजार रुपये फी आहे, वर्षभर चालतं. गाडीला क्रेडिट कार्ड लागतं आणि तेही ड्रायव्हरच्याच नावाचं, मुलाच्या कार्डावर शक्यतो देत नाहीत. काही गाडीवाल्यांची वयाची वरची मर्यादा असते, ती बुकिंगच्या आधी मेलवर लेखी विचारून घ्या. पेट्रोल लिटरला पाव रियालच्या आत, म्हणजे साठ रुपयांच्याही खाली, त्याचा विचारच करू नका. एक रियाल म्हणजे हजार बैसा, नोटा नीट बघून द्या, सुरुवातीला सगळं स्वस्त वाटतं आणि मग दोनशेच्या वरच्या आकड्याने गुणलं की घाम येतो.

खाण्याची चिंता सोडा. प्रत्येक गावात "कॉफी शॉप" अशी पाटी असलेलं एक दुकान असतं आणि आत आपला केरळचा माणूस. परोटा, डाळ, डोसा, अंडं, करक चहा. हिंदी चालते, किती तरी ओमानी माणसंसुद्धा बोलतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बरंच बंद असतं आणि शुक्र-शनि सुट्टी, त्या दिवशी वादी शाबला (वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी) जाऊ नका, बोटीला रांग लागते. आणि तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर आधी रमजान कधी आहे ते बघा, तेव्हा दिवसा हॉटेलं बंद मिळतील.

आता सलालाह. नऊ दिवसांत किनाऱ्याने नका करू. हजार किलोमीटरच्या वर आहे, सूरच्या पुढे गावं विरळ होत जातात, आणि मसिराला जायचं म्हणजे शन्नाहून फेरी, ती तुमच्या वेळेवर निघत नाही. शिवाय सलालाहची जी हिरवळ फोटोत दिसते ती खरीफमधली, म्हणजे तिथल्या पावसाळ्यातली, जून ते सप्टेंबर. जानेवारीत ते डोंगर तपकिरी असतात.

अर्धा_टँक

जोशीबुवांशी थोडं असहमत. आम्ही चौघं मित्र दुक्म-हासिक-मिरबात असा रस्ता करून आलोय आणि शुवैमिया ते हासिक तो डोंगर कापून केलेला भाग, खाली समुद्र, वर कडे, मी तरी तसा रस्ता दुसरीकडे पाहिला नाही. जानेवारीत हिरवं नसतं हे खरं, पण मिरबातचा किनारा आणि लोबानाची झाडं काही खरीफची वाट बघत नाहीत. पण आम्ही चौघं आळीपाळीने चालवत होतो आणि सगळे चाळिशीतले. एकट्या ड्रायव्हरने करायचं तर चौदा दिवस काढा. नियम एकच, टाकी अर्धी झाली की जो पंप दिसेल तिथे भरा, पुढचा कधी येईल त्याचा भरवसा नाही. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. उंट रस्त्यावर येतो तेव्हा त्याचे पाय तेवढे उजेडात दिसतात, धड काचेच्या उंचीला असतं.

सांगलीकर_निवांत

जोशीसाहेब खूप खूप आभार, प्रिंट काढून ठेवतोय. अर्धा टँक, तुमचं वाचून हात शिवशिवतायत हो. नऊचे अकरा दिवस केले आणि मसिरा काढून टाकलं तर बसेल का? रोजचे २५० किमी धरले तर हिशोब जमतोय.

आणि दगडसाहेब, राग नाही. पण मागे बसून गप्पा मारायच्या तर आमच्या ओसरीवर मारतो की.

सांगलीकर_निवांत

वरचं लिहून हे दूध आणायला गेलेत, लॉगिन उघडंच होतं म्हणून मी लिहितेय. मी त्या सौ.

हिशोब मलाही येतो, शिकवला आहे. २५० किमी म्हणजे चार तास गाडी, दोन तास उतरणं-चढणं, एक तास मुक्काम शोधणं, राहिलं काय? तीस वर्षं आमचं असंच चाललंय. दिवेआगर, वेळणेश्वर, आरे-वारे, सगळे समुद्र मी गाडीच्या काचेतून बघितलेत, कारण "अंधार पडायच्या आत रत्नागिरी गाठू". मला एका जागी, एकाच समुद्राजवळ, सकाळी चहा घेऊन बसायचं आहे आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच बसायचं आहे. अशी जागा या रस्त्यावर कुठली ते कोणीतरी सांगा. आणि गुडघ्याचं ह्यांनी "जरा धरतो" लिहिलंय, जिना उतरताना चांगलाच धरतो.

रुवीतला_जोशी

काकू, सूर. दुसरं नाव नाही.

मस्कतसारखं मोठं नाही, पांढरी बुटकी घरं, मधे खाडी, खाडीपलीकडे अल अयजा नावाची जुनी वस्ती आणि तिचं छोटं दीपगृह, जायला झुलता पूल. भरतीला खाडी भरते आणि ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात, दिवसभरात तेच चित्र चार वेळा बदलतं. पूर्वी इथून गलबतं आफ्रिकेपर्यंत जायची. लाकडी गलबतं बांधायचा कारखाना आहे, सागवान आपल्या मलबारातून यायचं. काका वीज मंडळातले म्हणजे त्यांना तिथे बसवून ठेवलं तरी दोन तास प्रश्न विचारत बसतील, तेवढ्यात तुमचा चहा होतो. तीन रात्री ठेवा.

तिथूनच एका संध्याकाळी रास अल जिंझ, पन्नास किलोमीटरच्या आत. हिरवी कासवं रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, गाइडबरोबरच सोडतात, टॉर्च आणि फ्लॅश बंद. मोसम उन्हाळ्याचा, जानेवारीत कमी येतात, एखादं दिसलं तर नशीब. वाळूतून चालावं लागतं, पायाला बघून ठरवा. रात्री तिथेच राहिलात तर बरं, परतीला अंधार नको.

गुडघ्यासाठी : वादी शाब सोडा. बोटीतून पलीकडे उतरल्यावर पाऊण तास दगडांवरून चालणं आणि शेवटी पोहत जायचं, ते तुमचं नाही. त्याऐवजी वादी बनी खालिद करा, पार्किंगपासून पाण्यापर्यंत सरळ वाट आहे, दहा-पंधरा मिनिटं, काठावर बसून पाय पाण्यात सोडता येतात. बिम्मा सिंकहोलला (जमीन खचून झालेला पाण्याचा मोठा खड्डा) पायऱ्या आहेत, कठडा धरून हळू उतरता येतं, वरून बघितलं तरी निळंशार दिसतं. कुठल्याही वादीत एकच गोष्ट, डोंगराकडे ढग दिसले की निघायचं. इथे डोक्यावर ऊन असताना वरून लोंढा येतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये इथे अशाच पुरात शाळकरी मुलं गेली, तेव्हापासून मी कोणाला या बाबतीत हसत नाही.

आता खरी गोष्ट, तुमचं काचेचं वाचून सुचली. मस्कतहून सूरला किनाऱ्याने जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे समुद्र पूर्ण वाट काकांच्या खिडकीत आणि तुमच्या वाट्याला खडकाळ डोंगर. तर जाताना किनाऱ्याने जाऊच नका. आतल्या रस्त्याने इब्रावरून वादी बनी खालिद, मग सूर. आणि परत मस्कतला येताना किनारा धरा, कल्हात, तिवी, फिन्स, बिम्मा. समुद्र सगळा उजवीकडे. फिन्सला पांढऱ्या खड्यांचे छोटे छोटे किनारे रस्त्याच्या जवळ आहेत, गाडी थांबवा म्हणा.

कोकणातली_माई

काकू मी तुमच्या बाजूने. एकच सांगायला आले, सामानात खसखस नको. यूएई आणि सौदीत ती ड्रगमध्ये धरतात, लोक खरोखर आत गेलेत, मग ओमानला तरी रिस्क कशाला घ्या. दिवाळीचे अनारसे उरलेले डब्यात जातात आपल्याकडून नकळत. घरच्या गोड्या मसाल्यात घालत असाल तर तोही नको. गुडघ्याच्या गोळ्या स्ट्राँग असतील (ट्रामाडॉल, कोडिनवाल्या) तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, गोळ्या मूळ पाकिटात. आणि प्रवासाचा विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच पहिलं काढतात.

मस्कतची मोठी मशीद बघायची असेल तर सकाळी ८ ते ११, शुक्रवारी आपल्याला प्रवेश नाही, डोकं झाकायला ओढणी ठेवा. जुन्या मस्कतला राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, शंभर वर्षांहून जुनं, कच्छी व्यापाऱ्यांच्या काळातलं. सोमवार असला तर गर्दी.

अर्धा_टँक

काकूंचं वाचून मी माझं मत मागे घेतो. काका, सलालाह विमानाने, पुढच्या वेळी, खरीफमध्ये.

सांगलीकर_निवांत

परत आलो दूध घेऊन. माझ्या नावाने काय काय लिहून ठेवलंय ते वाचलं. आरे-वारेला थांबलो होतो हो, दहा मिनिटं, भजी खाल्ली होती, हिने सोयीने गाळलंय.

ठीक आहे. मस्कत दोन रात्री, आतून सूर, सूरला तीन नाही चार, रास अल जिंझला एक, किनाऱ्याने परत, मस्कत एक. सगळे मिळून सातशे किमीसुद्धा होत नाहीत, तेवढे मी दोन दिवसांत केले असते. गाडीवाल्याला वयाचं विचारून मेल टाकलाय. डेबिट कार्डच होतं, उद्या बँकेत जाऊन क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरतो, ६६ व्या वर्षी पहिलं.

जोशीसाहेब, एकच शंका राहिली. सूरला खाडीकडे तोंड असलेली खोली मागायची का भर समुद्राकडे? ही म्हणते विचारा, गणित नाही, पण उत्तर एकच पाहिजे.

रुवीतला_जोशी

खाडी. आणि वरचा मजला असला तर लिफ्ट आहे का ते आधी विचारा.