रिमपेक्षा स्पोककडे बघा
सायकलस्वाराचं वजन ११० किलो आणि मागच्या चाकाचे स्पोक (तारा) सारखे तुटतायत, या प्रश्नावर जाड रिम (चाकाची बाहेरची कडी) घ्या असं सुचवलं गेलंय. डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम हवीच, पण स्पोक बहुतेक वेळा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, वाकलेल्या टोकाला तुटतात. कारण ताण कमी असतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत खाली आलेला स्पोक सैलावतो, पुन्हा ताणला जातो आणि शेवटी धातू थकतो. मागच्या चाकात कॅसेटच्या (चेन बसते त्या दातेरी चक्रांच्या) विरुद्ध बाजूचे स्पोक मुळातच ढिले असतात, त्यामुळे आधी तेच तपासा.

नवीन चाक बांधणार असाल तर ३२ स्पोक, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकना ओलांडतो), पितळी निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट). ३६ छिद्रांचा हब मिळत असेल तर ३६ स्पोक घ्या. स्पोक डबल बटेड, म्हणजे टोकांना २ आणि मध्ये १.८ मिमी. ऐकायला उलटं वाटतं, पण मधला बारीक भाग ताणला जाऊन टोकावरचा भार हलका करतो. टोकापासून टोकापर्यंत सारखाच जाड स्पोक हा माझ्या मते वजनदार लोकांना दिला जाणारा सगळ्यात चुकीचा सल्ला.

आणि चाक हाताने बांधणारा कारागीर शोधा. महागड्या तयार चाकांतही ताण असमान सापडतो. पहिल्या काही राइडनंतर ताण पुन्हा तपासून घ्या.