मदत हवी आहे: 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची फर्माईश आली की तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी. पब-रेस्टॉरंटमध्ये, लग्नात, कंपन्यांच्या पार्ट्यांमध्ये वाजवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. सल्ला जरा लवकर हवाय. येत्या शनिवारी शो आहे आणि या एका विषयावरून आमच्यात आठवडाभर धड बोलणंही होत नाहीये.

आमचा पुण्यातला चौघांचा बँड आहे. एक गायक (रिदम गिटारही तोच वाजवतो), बेस, ड्रम्स आणि लीड गिटारवर मी. महिन्याला पाच-सहा शो, पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट. वाजवतो ते मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं रॉक. प्रत्येक शोची सेटलिस्ट मी वहीत लिहून ठेवतो. मागच्या आठवड्यात वही काढून मोजलं. २०१८पासून ईगल्स या अमेरिकन बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' २७४ वेळा वाजवलंय. 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' त्याच्या मागोमाग. आमचं स्वतःचं जे गाणं सगळ्यांत जास्त वेळा झालं, ते १९ वेळा.

परवा काय झालं ते सांगतो. बाहेरच्या बागेतला शो होता. दुसऱ्या ब्रेकमध्ये साठीचे एक काका स्टेजपाशी आले आणि गायकाच्या हातात पेपर नॅपकिन देऊन गेले. बॉलपेनने गाण्याचं नाव, टेबल नंबर आणि खाली बारीक अक्षरात 'जमल्यास'. ग्लासचा ओला गोल उमटला होता, त्यात 'फोर्निया' पसरलं होतं. सेट सुरू करताना गायक माइकवर म्हणाला, "काका, हे गाणं आम्ही रिटायर केलंय, घरी जाऊन यूट्यूबवर ऐका!" लोक हसले. काकाही हसले, हात किंचित वर करून "असू दे, असू दे" म्हणाले. आमचं तिसरं गाणं चालू असताना ते आणि काकू उठून गेले. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. तो नॅपकिन अजून माझ्या गिटारच्या केसमध्ये आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही.

गायक मनाने वाईट नाही, हे आधी सांगतो. त्याची बाजूही खरी आहे. मूळ गाणं बी मायनरमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पांढरी सातमध्ये आहे. तिसऱ्या सेटपर्यंत त्याचा गळा तिथे पोचत नाही, म्हणून आम्ही एक स्वर उतरवून पांढरी सहामध्ये घेतो. गाणं साडेसहा मिनिटांचं. बागेत स्पीकर दहाला बंद करावे लागतात आणि चिठ्ठी नेमकी पावणेदहाला येते. म्हणजे आमची दोन गाणी जातात, आणि जातात ती बहुतेक वेळा आमची स्वतःचीच. २०१०मध्ये पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. स्टेजवर बँड आपापली गाणी वाजवताना पाहिले आणि त्या वेडातूनच हा बँड काढला. गायकाला वाटतं की आपण तिथून इथे कुठे येऊन पडलो. मलाही कधीकधी तसंच वाटतं.

काय काय करून पाहिलं तेही लिहितो. गाणं पहिल्याच सेटमध्ये उरकलं, तर नऊनंतर येणारी टेबलं पुन्हा तेच मागतात. दोन मिनिटांच्या मेडलीत (तुकडे जोडून सलग वाजवलेल्या गाण्यांत) बसवलं, ते तर पारच फसलं. लोक शेवटच्या सोलोची वाट बघत बसतात. आम्ही दुसऱ्या गाण्यावर उडी मारली की मागून आवाज येतो, "सोलो कुठंय?" ईगल्सचंच दुसरं एखादं गाणं दिलं तर विनम्र टाळ्या पडतात आणि पाच मिनिटांत तीच चिठ्ठी परत. ईगल्सनी १९९४मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर ते जसं नायलॉन तारांच्या गिटारवर, आधी लांब आलाप घेतल्यासारखं वाजवलं, तसं आम्ही ड्रम्सऐवजी काहोन (हाताने वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) घेऊन बसवलं. हा प्रयोग सगळ्यांत बरा झाला. आपल्याकडे कित्येकांच्या कानात तेच रूप बसलंय, आणि मला सुरुवातीला थोडं मनचं वाजवता येतं. पण त्याला आणखी दोन मिनिटं जास्त लागतात, आणि एखादं टेबल "ओरिजिनल वाजवा" म्हणतंच.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आमच्या घरात नाट्यसंगीताचं वेड. आजी सांगायची की बालगंधर्वांच्या नाटकाला एकेका पदाला इतके वन्स मोअर पडायचे की प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा. तीच पदं, वर्षानुवर्षं. मग ते कंटाळत नसतील का? मी यावर खूप विचार केलाय. मला वाटतं, तिथे गाणाऱ्याला जागा होती. वन्स मोअरला तेच पद यायचं, पण तान नवी, ठेहराव नवा. आमच्या या गाण्यात ती जागाच नाही. शेवटची दोन मिनिटं ईगल्सचे दोन गिटारवादक, फेल्डर आणि वॉल्श, आलटून पालटून वाजवतात आणि मग दोघं मिळून दोन सुरांत ती उतरती माळ गुंफतात. ऐकणाऱ्याला त्यातला स्वर न् स्वर पाठ असतो. लोक ती गिटार तोंडाने गातात! एकदा वेटर ट्रे हातात धरून उभा राहिला होता, ओठ हलत होते, सोलो संपल्यावरच पुढे गेला. अशा माणसासमोर मी एक स्वर बदलला तर त्याला मी चुकलो असंच वाटणार. त्यात माझ्याकडे दुसरी लीड गिटार नाही, म्हणून शेवटची दुहेरी माळ अर्धीच वाजते. २७४ वेळा अर्धी. माझा कंटाळा मुळात त्याचा आहे, गाण्याचा नाही, हे मला आत्ता लिहितानाच नीट कळलं.

ड्रमर म्हणतो, गाणं कायमचं सेटमध्ये ठेवा, वाद मिटवा. बेसवाला म्हणतो, फर्माईशीला पाचशे रुपये लावा. ते मला पटत नाही. 'जमल्यास' लिहिणाऱ्या माणसाकडे पैसे कसे मागायचे?

तर अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं. एका लीड गिटारवर शेवटचा भाग भरीव कसा करता? मी डिलेच्या पेडलने (वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या) प्रयत्न केला, पण ड्रमरची लय जरा सरकली की सगळं चिखल होतं. लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) वापरून कोणी जमवलंय का? की रिदम गिटारवाल्याकडून खालची ओळ वाजवून घेता? तसं केलं तर कॉर्ड्स एकट्या बेसवर सोडून चालतात का?

दुसरं, नाही म्हणायचंच असेल, तर शब्द काय वापरता? माइकवर बोलता की ब्रेकमध्ये टेबलापाशी जाऊन? मला वाटतं टेबलापाशी जावं, पण गायक म्हणतो की मग प्रत्येक टेबलाला वाटतं, आपल्याकडेही यावं.

आणि तिसरं. फर्माईशीचं गाणं संपतं तेव्हा सगळं हॉटेल आमच्याकडे बघत असतं. त्या क्षणी लगेच, न बोलता, आपलं स्वतःचं गाणं सुरू केलं तर? एकदाच केलं होतं, आमचं एक मराठी गाणं, आणि दोन टेबलं शेवटपर्यंत ऐकत राहिली. हे नेहमी चालतं का, की त्या दिवशी योग जुळला?

शनिवारी त्याच बागेत शो आहे. काका परत येतील असं नाही, पण गाणं पहिल्या सेटमध्ये घ्यायचं मी ठरवलंय आणि गायकाला अजून सांगितलेलं नाही. ते कसं सांगावं, हेही सुचवलंत तर बरं होईल.