सल्ला हवा: अभिरूप न्यायालयासाठी कोणता खटला घ्यावा?

ग्रंथपाल_ताई
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात वाचनालय चालवते. 26 जानेवारीला संध्याकाळी आमची अकरावी-बारावीची पोरं ग्रामपंचायतीच्या सभागृहात अभिरूप न्यायालय भरवतात. गेल्या वर्षी शेताचा धुरा (बांध) कोरल्याचा खटला घेतला, तर समोर बसलेल्या दोन घरांना तो आपलाच वाटला आणि निकालाआधीच खुर्च्या उचलल्या गेल्या. म्हणून यंदा लांबचा विषय. पोरांनीच काढलाय: आपल्याच सरकारच्या भीतीनं माणूस देश सोडून गेला, आणि त्या सरकारनं त्याला परमुलखात गाठून मारलं, तर त्याच्या घरच्यांनी न्याय मागायचा कोणाकडे?

वेळ पाऊण तास. पोरं नऊ, त्यांत सहा मुली. खर्च 2500 रुपयांच्या आत. संध्याकाळी लाइनचा भरवसा नाही, तेव्हा पडदा-प्रोजेक्टर नको. आणि शक्यतो निकाल लागलेला खटला सुचवा, म्हणजे शेवट काय करायचा हा घोळ नको.

अॅड_पुसदकर
मॅडम, डोळे झाकून मायकोनोस घ्या. 17 सप्टेंबर 1992, बर्लिनमधलं मायकोनोस नावाचं ग्रीक हॉटेल. इराणी कुर्दांच्या लोकशाही पक्षाचे सरचिटणीस सादेग शराफकंदी, त्यांचे दोन सहकारी आणि दुभाषाचं काम करणारे नूरी देहकुर्दी, चौघांना टेबलावरच गोळ्या घातल्या. खटला साडेतीन वर्षं चालला. 10 एप्रिल 1997 ला निकाल: काझिम दाराबी आणि अब्बास रायल यांना जन्मठेप, दोघांना कमी शिक्षा, एक निर्दोष. पण खरी चीज पुढे आहे. कोर्टानं निकालात स्पष्ट म्हटलं की हुकूम इराणच्या सर्वोच्च नेतृत्वाकडून आला होता. गुप्तचर मंत्री फलाहियान यांच्या नावानं तर 1996 मध्येच अटक वॉरंट निघालं होतं. पदावर असलेल्या मंत्र्याच्या नावानं! निकालानंतर युरोपीय देशांनी तेहरानमधले राजदूत माघारी बोलावले. मी हयात फौजदारीत घालवली, असा निकाल माझ्या वाट्याला आला नाही.

पाऊण तासात मात्र हे बसणार नाही. तीन तास ठेवा, मध्ये चहा.

कास्तकार_आर्णी
ताई, वकीलसायेब पुरं नाई सांगत. ते जन्मठेपवाले दोघंबी 2007 मदी सुटून आपापल्या घरी गेले.

मी म्हन्तो लेतेलिएर घ्या. चिलीचा जुना मंत्री, लष्करशहा पिनोशेच्या राज्यात देश सोडा लागला. 21 सप्टेंबर 1976 ले वॉशिंग्टनमदी भर रस्त्यात गाडीत बॉम्ब. संग काम करनारी रॉनी मॉफिट, 25 वर्साची, तेबी गेली. तिचा नवरा मांगं बसला होता, तो वाचला. आता आयका. घरच्यायनं चिली सरकारवर दिवानी दावा लावला आन 1980 मदी जवळपास 50 लाख डॉलरची डिक्री, म्हंजे पैसे देन्याचा कोर्टाचा हुकूम, भेटली. वसुली करासाठी चिलीच्या सरकारी विमान कंपनीवर जप्ती आनाले गेले, त वरच्या कोर्टानं 1984 मदी नाई म्हटलं. डिक्री हाय पन तिची वसुली नाई.

माह्या कापसाचे पैसे बुडवनाऱ्या व्यापाऱ्यावर मीबी डिक्री आनली होती. वसुलीची दरखास्त अजून पडूनच हाय. म्हून मले हा खटला बराबर समजते.

अॅड_पुसदकर
कास्तकार भाऊ, डिक्रीची दरखास्त बारा वर्षांच्या आत दाखल करावी लागते. केली होती ना?

कास्तकार_आर्णी
केली न सायेब. तुमच्यासारख्याच एका सायबाले फी देऊन केली.

अमरावतीकर_सध्या_पुणे
खटला कुठलाही घ्या, प्रेझेंटेशन महत्त्वाचं. पुण्यात वकिली गाउन भाड्यानं मिळतात, साधारण 300 रुपये नग, डिपॉझिट वेगळं. मी गेल्याच महिन्यात 38 हजारांचा प्रोजेक्टर घेतला, अप्रतिम आहे. सोबत इन्व्हर्टर घ्या म्हणजे लाइटची कटकटच नाही.

ग्रंथपाल_ताई
दादा, 2500 म्हणाले होते मी. सगळ्याचे मिळून.

झाडीपट्टी_वडसा
ताई, नाटकवाल्या मानसाला इचारा. कोर्टाच्या खेळात लोक बसून ऱ्हायले पायजे. छत्रीचा खून घ्या! गेऑर्गी मार्कोव्ह, बल्गेरियाचा लेखक, लंडनला पळून जाऊन रेडिओवर आपल्या सरकारची सालटं काढे. 7 सप्टेंबर 1978 ला वॉटर्लू पुलाजवळ बसची वाट पाहत उभा होता, मांडीत काहीतरी टोचलं. मागं वळून पाहतो तर एक मानूस खाली पडलेली छत्री उचलून राह्यला. चार दिवसात खलास. मांडीत टाचणीच्या डोक्याएवढी गोळी निघाली, रायसिन नावाचं विष. रायसिन म्हंजे एरंडीच्या बीचं, आपल्या धुऱ्यावर उगवते तेच झाड!

छत्री आपल्याकडं घरोघर. खर्च शून्य. दर साक्षीनंतर एक गाणं टाका. आमच्या कंपनीत मी खलनायक करतो, मंडईच्या (जत्रेच्या) दिवसात रात्रभर पब्लिक हलत नाही.

रसायन_सर
एरंडीचं तेल आणि रायसिन यात गल्लत नको. तेलात ते उतरत नाही. नाहीतर उद्या गावातल्या आया पोरांना एरंडेल देणं बंद करतील.

शिवाय मार्कोव्ह प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही. बल्गेरियातला तपास 2013 मध्ये 35 वर्षांची मुदत संपली म्हणून बंद झाला. ताईंना निकाल हवाय. लित्विनेन्को घ्या. रशियाच्या गुप्तचर खात्यातून फुटून लंडनला गेला, 1 नोव्हेंबर 2006 ला हॉटेलात चहातून पोलोनियम-210 हे किरणोत्सर्गी विष दिलं, 23 ला गेला. पोलोनियमची अर्धायुष्याची मुदत 138 दिवस, किरणं अल्फा. साधा कागददेखील ती अडवतो, पण पोटात गेलं की संपलं. मारेकरी जिथे जिथे बसले तिथे माग उरला. विज्ञान प्रदर्शनालाही हेच वापरता येईल.

सुनंदा_वणी
सरांनी मुद्द्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं. लित्विनेन्को प्रकरणात लढली ती त्याची बायको मरीना. रशिया आपले नागरिक परदेशाच्या हवाली करत नाही, त्यांच्या राज्यघटनेतच तसं आहे, म्हणजे आरोपी मिळणार नाहीत हे तिला पहिल्यापासून ठाऊक. तरी ती सरकारच्या मागे लागून राहिली. 2016 मध्ये सर रॉबर्ट ओवेन यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात ही मोहीम ‘बहुधा’ पुतिन यांच्या मंजुरीनं झाली असं लिहिलं. 2021 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं रशियाला जबाबदार धरलं. आणि ज्या लुगोवोयवर खुनाचा आरोप, तो तिकडे खासदार.

कास्तकार_आर्णी
म्हंजे पुन्हा डिक्री हाय आन वसुली नाई.

बंडू_दिग्रस
चहा कोणता होता पण? दूध टाकलेला असता तर चव कळली असती.

रसायन_सर
हिरवा चहा होता. आणि पोलोनियमला चव नसते, दुधाचा काय संबंध?

बंडू_दिग्रस
हिरवा चहा पिणाऱ्याचं असंच होते. आम्ही टपरीवर उकळी आल्याशिवाय कप तोंडाला लावत नाही.

सेवाग्राम_रोड
सर्वांना नम्र आठवण: या विषयाचा मूळपुरुष ट्रॉट्स्की, रशियन क्रांतीतला परागंदा नेता. मेक्सिको, 20 ऑगस्ट 1940, बर्फ फोडायची कुदळ डोक्यात. मारेकरी रामोन मर्कादेर वीस वर्षांची शिक्षा भोगून 1960 मध्ये सुटला, आणि मग सोव्हिएत सरकारनं त्याला सर्वोच्च पदक दिलं! त्याच काळात मेक्सिकोत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे राहत होते. गदरवाले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे परागंदा, तिथल्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक, मक्यावर मोठं काम. वर्ध्यात दहा जणांना विचारा, नऊ जणांना नाव माहीत नसतं. खरं तर खानखोजेंवरच कार्यक्रम करा.

ग्रंथपाल_ताई
खानखोजेंवर स्वतंत्र कार्यक्रम नक्की करू, पण त्यांना कोणी मारलं नाही हो. नागपुरात वारले.

सेवाग्राम_रोड
विसरून मारणं हेही मारणंच.

देशभक्त_९९
परदेशातलेच खटले का? आधी आपल्यावर आरोप करणाऱ्या कॅनडाला विचारा. तिथं निज्जर मारला गेला, 2023 ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडोनं संसदेत आपल्याकडं बोट दाखवलं, भारतानं आरोप फेटाळला. तो निज्जर आपल्या यादीत अतिरेकी होता, परागंदा विरोधक नव्हे.

निळा_फेटा
अतिरेकी कोण आणि विरोधक कोण, हे मारणारं प्रत्येक सरकार आपलं आपण ठरवतं. इराणनंही तेच म्हटलं, रशियानंही. म्हणूनच तर कोर्ट लागतं. आणि आपल्याकडचं बघायचं तर दाभोलकर घ्या. खून 20 ऑगस्ट 2013, निकाल 10 मे 2024. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले.

संपादक
दाभोलकर परागंदा नव्हते आणि कॅनडाचं प्रकरण कोर्टात आहे. यापुढचे सव्वीस प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांची जात काढणाऱ्या तिघांना आठवडाभर बंदी. ताईंना खटला सुचवा.

निवृत्त_जमादार
मी खात्यात होतो. या सगळ्यात तपास कसा बिघडतो ते कोणी सांगितलं नाही. वकीलसाहेबांच्या मायकोनोसच्या तीन वर्षं आधी त्याच पक्षाचा आधीचा सरचिटणीस मारला गेला. अब्दुल रहमान घासेमलू, व्हिएन्ना, 13 जुलै 1989. इराण सरकारच्या माणसांशी वाटाघाटी करायला एका फ्लॅटमध्ये बसले होते, तिथंच तिघांना उडवलं. इराणकडून आलेल्यांपैकी सहरारूदी नावाचा स्वतः जखमी होऊन पोलिसांच्या हाती सापडला. दुसऱ्याला विचारपूस करून सोडलं, तो इराणी वकिलातीत जाऊन बसला. जखमी माणसाला दवाखान्यातून बरा करून, पोलीस बंदोबस्तात विमानतळावर नेऊन, तेहरानच्या विमानात बसवून दिलं. वॉरंट काढलं नोव्हेंबरमध्ये. खटला आजतागायत उभा राहिला नाही.

वरून फोन आला की पंचनामा कसा मऊ होतो ते मी आमच्याकडे पाहिलंय. व्हिएन्नात काय वेगळं असणार. बाकी तुम्हाला निकालाचा खटला हवा, त्यामुळे हे अटीत बसत नाही. माहितीसाठी लिहिलं.

अमरावतीकर_सध्या_पुणे
प्रोजेक्टरचं काय ठरलं?

शिक्षिका_उमरखेड
सहा मुली आहेत ना? मग प्रात्स. चिलीचे माजी सरसेनापती कार्लोस प्रात्स, 30 सप्टेंबर 1974, ब्यूनोस आयर्स, गाडीखाली बॉम्ब, पत्नी सोफियाही गेल्या. तीन मुलींनी पिच्छा सोडला नाही. अर्जेंटिनात 2000 मध्ये एकाला जन्मठेप, चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2010 मध्ये, गुप्तचर प्रमुख कॉन्ट्रेरास दोषी. तीन मुलींना तीन भूमिका आयत्या मिळतात. मी शाळेत बसवलं होतं, जिल्ह्यात पहिलं आलं.

पाऊण तासासाठी एक सांगते: अख्खा खटला करू नका. एकच साक्ष, एकच उलटतपासणी, दोन्ही बाजूंचा पाच-पाच मिनिटांचा युक्तिवाद, निकाल. गाउन नको, काळ्या ओढण्या पुरतात. साक्षीदाराचं नाव पाठीवर पुठ्ठ्यानं लिहा, मागच्या रांगेतल्या आजोबांना परकी नावं ऐकून कळत नाहीत.

अॅड_पुसदकर
एकच साक्ष असेल तरीही मायकोनोस. ‘साक्षीदार सी’ नावानं इराणच्या गुप्तचर खात्यातला फुटलेला माणूस आला होता. त्याला पडद्याआड बसवा, नाट्यही होईल. शिवाय इराणचे पहिले राष्ट्राध्यक्ष बनीसद्र, स्वतः पॅरिसला परागंदा, त्यांनीही साक्ष दिली.

निळा_फेटा
सौदी पत्रकार खशोगी कोणीच कसं म्हटलं नाही? इस्तंबूल, 2 ऑक्टोबर 2018, सौदी वाणिज्य दूतावासात लग्नाच्या कागदांसाठी आत गेला तो बाहेर आलाच नाही. वाग्दत्त वधू बाहेर थांबलेली. तुर्कस्ताननं 2022 मध्ये खटला सौदीकडेच पाठवून दिला. अमेरिकेत तिनं सौदीच्या युवराजांवर दावा केला, तर दाव्याचा निर्णय लागायच्या आधी ते पंतप्रधान झाले आणि त्या पदाच्या संरक्षणामुळे दावा निकाली निघाला.

कास्तकार_आर्णी
आमचा व्यापारीबी आता बाजार समितीवर निवडून आला.

ग्रंथपाल_ताई
सगळ्यांचे आभार. कालच्या बैठकीत पोरांना धागा वाचून दाखवला. मायकोनोसला तीन मतं पडली, छत्रीला दोन (ती दोघं झाडीपट्टीच्या खलनायकावर फिदा आहेत), मरीनाला एक. जमादारकाकांचा प्रतिसाद वाचल्यावर मात्र बारावीतली एक मुलगी म्हणाली, मॅडम, ज्या पोलिसांनी त्याला विमानतळावर पोचवलं त्यांना कोणी विचारलं का? त्यावर तासभर वाद झाला आणि मतं फिरली.

तर आम्ही व्हिएन्ना घेतोय. माझीच निकालाची अट मोडून. आरोपीच्या पिंजऱ्यात मारेकरी नाहीत, ऑस्ट्रियाचं गृहखातं. एकच साक्षीदार, बंदोबस्तावर असलेला पोलीस, तो पोरांनी कल्पनेतून रचायचा आणि तसं सुरुवातीलाच जाहीर करायचं. बचाव पक्षाचा मुद्दा काय तर पुरावा पुरेसा नव्हता आणि दुसऱ्या देशाशी संबंध सांभाळायचे होते. सरकारी वकिलाचा शेवटचा प्रश्न: तीन वर्षांनी बर्लिनमध्ये त्याच पक्षाचा पुढचा सरचिटणीस मारला गेला, तो तुमच्या हिशेबात धरायचा की नाही? उमरखेडच्या मॅडमच्या ओढण्या आणि पुठ्ठे घेतले. खर्च 400 पर्यंत जाईल.

अॅड_पुसदकर
अहो, मुळात खटलाच झाला नाही त्याचं अभिरूप न्यायालय कसं भरवता? आणि जर्मन कोर्टाचा एवढा पक्का निकाल समोर असताना? कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे टिकणार नाही.

निवृत्त_जमादार
टिकेल. पोलिसाला एवढंच विचारायला लावा की तोंडी हुकूम कोणी दिला आणि स्टेशन डायरीत नोंद का नाही. आमच्या वेळी त्या प्रश्नावर भलेभले घामाघूम व्हायचे.

सुनंदा_वणी
न्यायाधीश कोण, मुलगा की मुलगी?

ग्रंथपाल_ताई
नऊच्या नऊ पोरांना वकील किंवा साक्षीदारच व्हायचंय, निकाल द्यायला कोणी तयार नाही. म्हणून गावच्या पोलीस पाटलांना विचारलं. ते हो म्हणालेत, पण निकाल आधी लिहून द्या अशी अट घातली आहे.

निवृत्त_जमादार
देऊ नका.