बॅटरीतला एलईडी हीटसिंकवर टिकत नाही, कशाने बसवू?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तेव्हा मी बॅटरी म्हणालो की टॉर्च समजा, आतल्याला सेल म्हणतो.

सध्या आमच्या फिडरला थ्री फेज रात्री साडेअकराला येते. मोटर चालू करायची नि ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवत केळीतून हिंडायचं. पानं डोक्याच्या वर, पायाखाली घोणस असायची धास्ती. म्हणून आबांच्या जुन्या तीन सेलच्या प्लास्टिक बॅटरीत दहा वॅटचा एलईडी टाकला, २० मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम चकतीवर बसवलेला येतो तो. सेल जुन्या लॅपटॉपमधला १८६५० मापाचा लिथियमचा, हलू नये म्हणून पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात बसवलाय. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट ठरवणारी पट्टी, ७१३५ नावाच्या आठ चिपांचा, म्हणजे २.८ अँपिअर. हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून बाहेर टाकणारा पंखांचा धातूचा ठोकळा, भंगारातल्या अँप्लिफायरचा, करवतीने कापलेला.

आधी झटपट चिकटणारा गोंद लावला. तिसऱ्या रात्री उजेड निळसर पडला, नि बांधावर चढतोय तोच चकती सुटून तारांना लोंबायला लागली. चाचपडत घरी आलो. मग दोन ट्यूबांचा इपॉक्सी लावला, चांगला थापून. आता सुटत नाही, पण दहा मिनिटांत परत निळा. आणि गंमत म्हणजे हीटसिंक नुसता कोमट. तो गार आहे म्हणजे चांगलंच ना? मग एलईडी का मरतोय?

वाइंडिंगवाला_भुसावळ:
काय भो, हीटसिंक गार आहे हीच तर बोंब आहे! उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही, एलईडीच्या पोटात कोंडते.

दहा वॅटमधले सहा-सात वॅट उष्णतेतच जातात. साधा इपॉक्सी उष्णता नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या हजार पट मागे. तुमच्या चकतीखाली त्याचा अर्धा मिलिमीटर थर असेल, तर ढोबळ हिशेबाने चकती हीटसिंकपेक्षा पन्नास अंशांनी तापते. तिथेच थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता नेणाऱ्या मलमाचा, पातळ हात असेल तर फरक एक-दोन अंशांचा. जाड थापला म्हणजे घट्ट, हे लाकडाच्या कामात ठीक आहे.

एक सांगा, पहिल्या गोंदानंतर रिफ्लेक्टर आतून पांढुरका झाला होता का?

केळीवाला_रावेर:
हो! मला वाटलं दव शिरलं. पुसलं तर चकाकीच गेली. तुम्हाला कसं कळलं?

वाइंडिंगवाला_भुसावळ:
त्या गोंदाच्या वाफा बसतात. एलईडीच्या भिंगावरही बसल्या असतील. बंद डब्यात तो गोंद वापरूच नका, तापला की तो तडकतोही.

आता असं करा. करवतीने कापलेला भाग सपाट नसतोच. टेबलावर काच ठेवा, वर पॉलिश पेपर, आणि हीटसिंक आठाच्या आकड्यात घासा. सगळीकडे सारखा रंग दिसेपर्यंत थांबू नका. मग चकतीच्या कडेच्या खाचांसमोर दोन भोकं पाडून तीन मिलिमीटरचे आटे पाडा, भोकांच्या कडेला उभी राहिलेली धार (बर) काढा. पेस्ट फक्त ज्वारीच्या दाण्याएवढी. चकती दाबून थोडी फिरवा, मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळा. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर डोकं सोल्डरला टेकून शॉर्ट होईल. सेल जोडण्याआधी मीटरने तपासा.

पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, हे इथे दर महिन्याला कुणीतरी विसरतं. ती फक्त बारीक खाचांतली हवा बाहेर काढते, पकड स्क्रूची. आटे पाडायची सोय नसेल तर थर्मल अ‍ॅडेसिव्ह मिळतं, पण तेही पातळच, नि सुकेपर्यंत वर वजन ठेवून.

अहिराणी_धुळे:
भाऊ, तुन्हं कोठे चुकनं ते मी सांगस. वरच्या भाऊंचं सगळं बरोबर, पण बॅटरी प्लास्टिकची आहे ना? मग हीटसिंक आत बसून उष्णता देणार कुणाला? प्लास्टिकमध्ये कोंडलेला हीटसिंक म्हणजे टाकी. भरेपर्यंत ठीक, मग तोही तापणार. त्यात आपला मे महिना!

त्याचे पंख बाहेर काढा. पुढचं तोंड कापून हीटसिंकच कॉलरसारखा बसवा. आणि ड्रायव्हरवरच्या चार चिपा काढून टाका. १.४ अँपिअरवर उष्णता निम्म्याहून कमी, उजेड मात्र निम्म्याहून जास्त. डोळ्याला फरक फारसा कळत नाही, आणि लॅपटॉपच्या थकलेल्या सेलमधूनही तेवढाच करंट ओढावा.

केळीवाला_रावेर:
आठ दिवसांनी येतोय, माफी असावी, घड कापणी चालू होती.

इपॉक्सी खरवडताना पहिली चकती वाकली, ती गेली. नवीन चकती नि पेस्ट जळगावला गोलाणी मार्केटातून आणली. आटे शेजारच्या वेल्डिंगवाल्याने पाडून दिले, बदल्यात अर्धी फणी केळी. चार चिपा काढल्या. पंख बाहेर काढलेत, त्यामुळे बॅटरी आता मक्याच्या कणसासारखी दिसते. आबा हसतात.

काल रात्री पाऊण तास सलग चालवली. आता हीटसिंक बऱ्यापैकी गरम लागतो, हात ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही. उजेड पांढराच राहिला. पांढुरका झालेला रिफ्लेक्टर अजून तसाच आहे, म्हणून मधोमध झोत बसत नाही. २० मिलिमीटरच्या चकतीवर बसेल असा रिफ्लेक्टर सुटा कुठे मिळेल?

वाइंडिंगवाला_भुसावळ:
माझ्या डब्यात दोन पडलेत. तोंडाचं माप टाका.