मदत हवी आहे: इस्लामी बँका छोट्या धंद्यात भागीदार का होत नाहीत?

नमस्कार मंडळी,

विकसनशील देशांत छोट्या धंद्याला भांडवल कुठून मिळेल, यावर एक टिपण लिहितेय. त्यातल्या इस्लामी बँकिंगच्या भागात अडकले आहे. कर्जविभागात काम केलेल्या किंवा पतसंस्था चालवलेल्या लोकांचं मत हवंय.

व्याज (रिबा) नको, करारात संदिग्धता (घरर) नको, जुगार नको आणि नफा हवा असेल तर धोकाही उचला, हे तत्त्व. मुदारबा नावाच्या भागीदारीत बँक पैसा घालते, उद्योजक मेहनत. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, समजा ६०:४०, वाटायचा. तोटा आला तर पैसा बँकेचा जातो आणि उद्योजकाचे कष्ट. त्याने हलगर्जी केली असेल तरच भरपाई त्याच्यावर. मुशारका या दुसऱ्या प्रकारात दोघंही भांडवल घालतात आणि तोटा भांडवलाच्या हिश्शाप्रमाणे सोसतात. तारण द्यायला काहीच नसलेल्या, पण हातात कसब असलेल्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था मला तरी दिसत नाही. इजिप्तमध्ये मित घमर इथे १९६३ साली अहमद अल-नज्जार यांनी छोट्या बचतदारांसाठी सुरू केलेल्या बँकेमागेही हीच तळमळ होती. ती १९६७ पर्यंतच टिकली.

आज मात्र बहुतेक इस्लामी बँकांचा मोठा व्यवहार मुराबहासारख्या विक्री-करारांतून चालतो. एक लाखाचं यंत्र बँक विकत घेते आणि तेच ग्राहकाला १ लाख १२ हजारांना हप्त्यांवर विकते. हप्ता थकला तरी ही किंमत वाढत नाही, दंड घेतलाच तर तो धर्मादाय कामाला द्यायचा, हा फरक मी महत्त्वाचा मानते. पण धंदा बसला तर? हप्ते भरायचेच. बँकेचा धोका यंत्र तिच्या मालकीचं असेतोवर, म्हणजे कधी कधी काही तासच. शिवाय वरचे १२ हजार बऱ्याचदा बाजारातला व्याजदर बघूनच ठरतात. मग गरीब अर्थव्यवस्थेसाठी ज्या भागीदारीची एवढी आशा धरायची, ती राहते कुठे?

एक कारण मला कळतं. नफा वाटून घ्यायचा तर तो खरा किती झाला हे कळायला हवं, आणि छोट्या धंद्यात वह्याच धड नसतात. असल्या तरी नफा कमी दाखवण्याचा मोह असतोच. दर महिन्याला गल्ला तपासायला माणूस पाठवायचा तर त्याचा खर्च नफ्याहून जास्त व्हायचा.

तर, छोट्या धंद्याचा नफा कमी खर्चात पडताळण्याची एखादी रीत कुणी चालवून पाहिली आहे का? गटाची हमी, की विक्रीवर ठरावीक हिस्सा? (विक्रीवरचा हिस्सा शरियत मंडळाला, म्हणजे बँकेचे व्यवहार इस्लामी नियमांत बसतात का हे बघणाऱ्या जाणकारांना, चालेल का, हीही शंका आहेच.)

शेतीसाठीचा सलम करारही समजून घ्यायचाय. बँकेने शेतकऱ्याला पूर्ण किंमत आगाऊ द्यायची, माल ठरल्या तारखेला घ्यायचा. पेरणीच्या वेळी रोख हातात येते, म्हणून मला तो फार आश्वासक वाटतो. पण सुगीला भाव पडले तर धान्य घेऊन बसलेली बँक काय करते?