शेअर्ड लायब्ररी बांधायला लिबटूल: ठेवावं की काढावं?

गवंडी (धागाकर्ता)

सी भाषेत छोटी लायब्ररी लिहायची आणि ती लिनक्सवर डॉट-सो (शेअर्ड लायब्ररीची, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडची फाइल) म्हणून वाटायची, एवढंच काम असेल तर ग्नू लिबटूल, म्हणजे अशा लायब्रऱ्या बांधून देणारी स्क्रिप्ट, मधे आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी १९९६ मध्ये लिबटूल लिहिलं, तेव्हा प्रत्येक युनिक्सची शेअर्ड लायब्ररी बनवायची तऱ्हा निराळी होती. आज बहुतेकांचं काम लिनक्सपुरतं असतं आणि ते थेट कंपायलरकडून होतं.

उदाहरणाला दोन सोर्स फायलींची ‘लिबमाप’ घ्या. दोन्ही फायली ‘जीसीसी -सी -एफपिक -एफव्हिजिबिलिटी=हिडन’ देऊन कंपाइल करायच्या (एफपिकने कोड मेमरीत कुठेही चालण्याजोगा होतो, हिडनने फंक्शनं बाहेरच्यांपासून लपतात). जी फंक्शनं बाहेर द्यायची आहेत त्यांच्यावर व्हिजिबिलिटी डीफॉल्टची खूण करायची. ती विसरली तर लायब्ररी बिनतक्रार बनते, पण बाहेरून आतलं एकही फंक्शन दिसत नाही. मग ‘जीसीसी -शेअर्ड -डब्ल्यूएल,-सोनेम,लिबमाप.सो.१’ याच्यापुढे दोन्ही ऑब्जेक्ट फायली, ‘-एलएम’ (गणिताची लायब्ररी) आणि ‘-ओ लिबमाप.सो.१.०.०’. सोनेम म्हणजे लायब्ररीच्या आत कोरलेलं नाव; प्रोग्राम चालू होताना त्याच नावाने लायब्ररी शोधतो. फाइल जागेवर ठेवून ‘एलडीकॉन्फिग’ चालवलं की लिबमाप.सो.१ हा सिमलिंक (खऱ्या फायलीकडे बोट दाखवणारं नाव) आपोआप होतो. नुसत्या लिबमाप.सो नावाचा सिमलिंक आपण करायचा, कारण तो फक्त लिंक करताना ‘-एलमाप’ला लागतो. झालं काम.

बाकी चुका दोनच ठिकाणी होतात. एफपिक राहिलं तर एक्स८६-६४ वर लिंकर रिलोकेशनची (पत्ते बसवण्याची) तक्रार करतो आणि एफपिक देऊन पुन्हा कंपाइल करा, असं स्वतःच सांगतो. ही चूक लगेच समोर येते. सोनेम राहिलं तर मात्र कुणीच ओरडत नाही. वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये नुसतं ‘लिबमाप.सो’ हे नाव कोरलं जातं. ते नाव सहसा डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये असतं, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या मशीनवर प्रोग्राम उघडतच नाही. उघडलाच, तर पुढे विसंगत आवृत्ती आल्यावर जुना प्रोग्राम तीच उचलतो आणि कोसळतो.

रेवती

असहमत. तुमच्या पायऱ्या बरोबर आहेत, पण लिनक्सच्या उंबरठ्यापर्यंतच. मॅकओएसवर सोनेम नसतं, इन्स्टॉल-नेम असतं. ‘-डायनॅमिकलिब’ लागतं आणि आकडा शेपटाला न येता ‘लिबमाप.१.डायलिब’ असा मधे येतो. विंडोजवर डीएलएलसोबत (तिथल्या शेअर्ड लायब्ररीसोबत) इम्पोर्ट लायब्ररी लागते आणि एकही सिम्बॉल (फंक्शनाचं वा चलाचं नाव) अनिर्णित राहिलेला चालत नाही. ओपनबीएसडीवर नावातच मेजर आणि मायनर हे दोन आकडे असतात, सिमलिंकची साखळीच नसते. एआयएक्सवर तर शेअर्ड ऑब्जेक्ट डॉट-ए अर्काइव्हच्या पोटात जातो. लिबटूलमध्ये या सगळ्याला एकच आज्ञा पुरते: ‘लिबटूल --मोड=लिंक जीसीसी -ओ लिबमाप.एलए माप.एलओ एकक.एलओ -आरपाथ /यूएसआर/लोकल/लिब -व्हर्जन-इन्फो १:०:०’. विंडोजसाठी त्यात ‘-नो-अनडिफाइन्ड’ घालायचं, नाहीतर डीएलएल न बनता फक्त स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राममध्येच मिसळून जाणारी) हातात येते.

‘-आरपाथ’ विसरून लिबटूलला नावं ठेवणारे पुष्कळ दिसतात. ही लायब्ररी कुठे बसणार आहे ते सांगितलंच नाही, तर ती बांधकामापुरती आहे असं लिबटूल धरून चालतं आणि डॉट-सो बनवत नाही. दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

आणि मॅकवर आणखी एक: ॲपलची ‘लिबटूल’ नावाची आज्ञा वेगळीच आहे. ग्नूचं लिबटूल होमब्रू (मॅकवर प्रोग्राम बसवून देणारं साधन) ‘ग्लिबटूल’ नावानं बसवतं. दोन्हींचे पर्याय जुळत नाहीत, म्हणून वर दिलेली ओळ मॅकवर तशीच चालवून ‘चालत नाही’ म्हणू नये.

सांधेजोड

गवंडींशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. लिनक्स वितरणांची (फेडोरा, डेबियनसारख्यांची) पॅकेजेस बांधताना लिबटूलचा खरा जाच डॉट-एलए फायलींचा होतो.

इन्स्टॉल झालेली लिबमाप.एलए एखाद्या एडिटरमध्ये उघडून बघा. साधा मजकूर असतो: ‘डीएलनेम’मध्ये सोनेमचं नाव, ‘लायब्ररी_नेम्स’मध्ये तिन्ही नावं, ‘लिबडिर’मध्ये जागा, आणि ‘डिपेंडन्सी_लिब्ज’मध्ये लिबमाप ज्यांच्यावर उभी आहे त्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी. घोळ या शेवटच्या ओळीत आहे. समजा लिबमाप आतल्या आत लिबएक्सएमएल२ वापरते. तुमच्या प्रोग्रामला एक्सएमएलशी काही देणंघेणं नाही. तरी तो लिबटूलने लिबमापशी जोडला की लिबएक्सएमएल२ थेट त्याच्याही गळ्यात पडते. उद्या तिचं सोनेम बदललं तर लिबमापबरोबर तुमचा प्रोग्रामही पुन्हा बांधावा लागतो. एका लायब्ररीच्या बदलासाठी शेकडो पॅकेजेस उगाच पुन्हा बांधायची वेळ यातूनच येते.

दुसरा त्रास: त्या यादीत दुसऱ्या एखाद्या डॉट-एलएचा पूर्ण पत्ता असतो. नव्या आवृत्तीत ती फाइल काढून टाकलेली असेल तर ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही असं पॅकेज ‘सेड: फाइल वाचता येत नाही’ म्हणून मधेच थांबतं. संदेश ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचा, त्यामुळे नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणूनच फेडोरामध्ये डॉट-एलए फायली पॅकेजमधून काढून टाकायच्या असा नियम आहे, आणि डेबियनने ‘डिपेंडन्सी_लिब्ज’ रिकामी करण्याची मोहीमच राबवली होती.

रेवती

डॉट-एलएचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी लिबटूल टाकायची गरज नाही, फाइल टाकली की पुरे. इन्स्टॉल झाल्यावर डेस्टडिर, म्हणजे पॅकेजसाठीच्या तात्पुरत्या इन्स्टॉलच्या फोल्डराखालच्या सगळ्या डॉट-एलए ‘फाइंड’ने उडवायच्या. स्टॅटिक लिंकिंगसाठी लागणारी माहिती पीकेजी-कॉन्फिगच्या (लायब्ररीशी जोडताना कोणते पर्याय द्यायचे ते सांगणाऱ्या साधनाच्या) ‘लिब्ज.प्रायव्हेट’ ओळीत द्यायची. तिची खरी जागा तीच. अपवाद लिबएलटीडीएलने (लिबटूलच्या प्लगइन-लोडरने) प्लगइन उघडणाऱ्या प्रोग्रामचा. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रामची मॉड्यूल्स डॉट-एलए वाचून उघडली जातात, तिथे सरसकट पुसलं तर चित्रांचे प्रकार ओळखणं बंद पडतं.

आता माझा मुख्य मुद्दा. लिबटूलची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘-व्हर्जन-इन्फो’, आणि तीच सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाते. तिचे तीन आकडे करंट, रिव्हिजन, एज या क्रमाने येतात. ती उत्पादनाची आवृत्ती नाही. फक्त आतला कोड बदलला तर रिव्हिजन एकने वाढवा. इंटरफेस कसाही बदलला तर करंट एकने वाढवा, रिव्हिजन शून्य करा. नुसती भर घातली असेल तर एजही एकने वाढवा; काही काढलं किंवा बदललं असेल तर एज शून्य.

लिबकर्ल ही नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी बघा. तिचे आकडे १२:०:८ आहेत. लिनक्सवर सोनेमचा आकडा म्हणजे करंट वजा एज, १२ वजा ८, म्हणून ४. त्यापुढे एज आणि रिव्हिजन लागून फाइल होते लिबकर्ल.सो.४.८.०. नवं फंक्शन आलं तर आकडे १३:०:९ होतील, वजाबाकी पुन्हा ४. हा ४ ऑक्टोबर २००६ मधल्या ७.१६.० पासून हललेला नाही. तेव्हा लिंक केलेल्या प्रोग्रामलाही आजची लायब्ररी त्याच नावाखाली मिळते.

याउलट २.५.० आवृत्तीला २:५:० आणि २.५.१ ला २:५:१ लिहिणारे प्रकल्प आहेत. पहिल्याचं सोनेम २, दुसऱ्याचं १! एक बग दुरुस्त केला आणि सोनेम उलटं गेलं. १.२.३ ला १:२:३ लिहिलं तर निदान लिबटूल तिथेच अडवतं, कारण एज करंटपेक्षा मोठं असून चालत नाही.

भीमाकाठ

रेवतीताईंनी इतकं नीट समजावलं, पण माझ्या मते हीच लिबटूलची हार आहे. जो हिशेब इतक्या लोकांचा चुकतो तो त्यांच्यावर लादायचा कशाला? मेसॉन या नव्या बांधकाम-प्रणालीमध्ये ‘लायब्ररी’ फंक्शनला ‘व्हर्जन’ १.२.३ द्या, ‘सोव्हर्जन’ दिलं नाही तर पहिला आकडा घेतला जातो. मग ‘मेसॉन सेटअप बिल्ड’, ‘मेसॉन कंपाइल -सी बिल्ड’, ‘मेसॉन इन्स्टॉल -सी बिल्ड’. मॅक आणि विंडोजची नावं तेच सांभाळतं. ग्लिब, मेसा, सिस्टमडी हे मोठे प्रकल्प ऑटोटूल्स (लिबटूल ज्यातलं एक आहे तो ग्नूचा साधनसंच) सोडून मेसॉनवर गेले ते उगाच नाही.

सीमेक ही दुसरी बांधकाम-प्रणाली वापरत असाल तर एक जपा. नुसतं ‘व्हर्जन’ १.२.३ दिलं आणि ‘सोव्हर्जन’ दिलं नाही, तर सीमेक दोन्ही एकच धरतं. सोनेम होतं लिबमाप.सो.१.२.३ आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला सगळ्यांना पुन्हा लिंक करावं लागतं. इथे १ वेगळा लिहायलाच हवा.

वेगाचंही बघा. लिबटूल ही दहा हजारांहून जास्त ओळींची शेल स्क्रिप्ट आहे आणि ती प्रत्येक सोर्स फायलीसाठी नव्याने चालते. त्यात एकच फाइल दोनदा कंपाइल होते, एकदा पिक आणि एकदा साधी. माप.एलओ उघडली तर त्यात ऑब्जेक्ट नसतोच. ‘पिक_ऑब्जेक्ट’ डॉट-लिब्ज फोल्डरात आहे आणि ‘नॉन_पिक_ऑब्जेक्ट’ बाहेर आहे, एवढं सांगणारा मजकूर असतो. लिबमाप वापरणारा चाचणी-प्रोग्राम डीबग करायला ‘जीडीबी ./मापचाचणी’ म्हणावं तर फाइलचा प्रकार ओळखता येत नाही असं उत्तर येतं, कारण तीही स्क्रिप्टच असते.

रेवती

‘--डिसेबल-स्टॅटिक’ दिलं की दुसरं कंपायलेशन थांबतं. आणि डीबगसाठी ‘लिबटूल --मोड=एक्झिक्यूट जीडीबी ./मापचाचणी’. ती स्क्रिप्ट असण्यामागे कारण आहे: लायब्ररी अजून इन्स्टॉल झालेली नसताना प्रोग्रामला ती बांधकामाच्या फोल्डरातून मिळावी.

मेसॉनला पायथन लागतं. ऑटोटूल्सच्या टारबॉलला (सोर्स कोडच्या वाटायच्या गठ्ठ्याला) शेल, मेक आणि सी कंपायलर एवढंच पुरतं. नव्या प्रोसेसरवर शून्यातून सिस्टम उभी करताना पायथन बांधायच्या आधीच कितीतरी लायब्रऱ्या बांधाव्या लागतात. झीलिब किंवा लिबएफएफआय पायथनच्याही आधी हवी, हा फरक तिथे जाणवतो.

गवंडी

टारबॉलचा मुद्दा निघाला म्हणून. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनामधला छुपा दरवाजा उघड केला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तो होता, आणि त्याला जागं करणारी बदललेली एम४ फाइल (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवायला लागणारी) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जाहीर भांडारात, नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. हजारो ओळींची, यंत्राने लिहिलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट कुणी वाचत नाही, म्हणूनच ती लपली. माझ्या आठ-दहा ओळींच्या मेकफाइलमध्ये असं काही दडवता येत नाही.

सांधेजोड

गवंडी, इथे मी रेवतीताईंच्या बाजूने. दोष लिबटूलचा नाही; गिटमध्ये नसलेला माल टारबॉलमध्ये पाठवायच्या प्रथेचा आहे. टारबॉलवर ‘ऑटोरीकॉन्फ’ (कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने बनवणारी आज्ञा) चालवूनही उपयोग नव्हता, कारण ती एम४ टारबॉलमध्येच होती. गिटच्या टॅगवरून बांधायचं, हा त्यावरचा मार्ग.

पायरव

तुम्ही सगळे आकडा कुठे लिहायचा यावर बोलताय. कोणता आकडा लिहायचा हे मेसॉनही सांगत नाही, लिबटूलही नाही, गवंडींची मेकफाइल तर नाहीच. जाहीर स्ट्रक्चरच्या मधोमध एक फील्ड घातलं, किंवा एनममध्ये (क्रमांकित नावांच्या यादीत) शेवटी न घालता मधे एक नाव घातलं, तर कंपायलर खूष असतो, चाचण्या पास होतात, आणि जुना प्रोग्राम चुकीच्या जागेवरून चुकीची किंमत वाचतो. इथे सोनेम बदलायलाच हवं.

यासाठी दोन आवृत्त्यांचे एबीआय, म्हणजे बांधून झालेल्या प्रोग्रामला दिसणारे इंटरफेस, ताडून बघणारं लिबॲबिगेलचं ‘एबीआयडिफ’ वापरा. जुनी आणि नवी डॉट-सो दोन्ही ‘-जी’ देऊन बांधा, नाहीतर प्रकारांची माहितीच त्याला मिळत नाही. एक्झिट कोडमधला ४ चा बिट म्हणजे एबीआय बदलला, ८ चा बिट म्हणजे नक्की विसंगत. ८ चा बिट दिसला आणि सोनेम तेच असेल, तर ती आवृत्ती बाहेर सोडणं तिथेच अडवायचं.

हा आकडा इतका का जपायचा, ते आपल्या लिपीपुरतं सांगतो. लिनक्सवर जीटीकेच्या (खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या) प्रोग्राममध्ये देवनागरी जोडाक्षरं पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझ जुळवतं, आणि त्याचं सोनेम लिबहार्फबझ.सो.० आहे. ते स्थिर आहे म्हणून जोडाक्षराची एखादी दुरुस्ती झाली की एक पॅकेज बदलून एडिटरपासून टर्मिनलपर्यंत सगळीकडे पोहोचते, एकही प्रोग्राम पुन्हा न बांधता.

गवंडी

पायरव, एबीआयडिफ मेकफाइलच्या चाचणीत घालायला हवं, हे पूर्ण पटलं. लिनक्सपुरत्या लायब्ररीला लिबटूल नको, हे मत मात्र कायम आहे.

सांधेजोड

कशानेही बांधा, इन्स्टॉल झालेल्या डॉट-सोवर ‘रीडएल्फ -डी’ चालवून तीन गोष्टी बघा. सोनेमच्या ओळीत लिबमाप.सो.१ हवं. नीडेडमध्ये लिबमाप खरोखर वापरते तेवढ्याच लायब्रऱ्या हव्यात. आपल्या उदाहरणात लिबएम आणि लिबसी. आणि आरपाथ किंवा रनपाथची (लायब्ररी शोधायच्या कोरलेल्या पत्त्यांची) ओळ नसावी. असली आणि तिच्यात बांधकामाच्या फोल्डरचा पत्ता दिसला तर ती फाइल बाहेर पाठवू नका.