भाऊ 'निवडलेला' नसेल, तर मी प्रार्थना कशासाठी करायची?

प्रश्न (धाकटी बहीण):
माझ्या मोठ्या भावाने ख्रिस्ती विश्वास सोडलाय. भांडून नाही, शांतपणे. लहानपणी बायबलची वचनं तोच माझ्याकडून पाठ करून घ्यायचा. आता म्हणतो, "आतून काहीच ऐकू येत नाही. खोटे गुडघे टेकवत नाहीत मला." बायबल अभ्यासात मी त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंती केली, तर गट चालवणारे म्हणाले, "तो मुळात निवडलेलाच नसेल. असता तर गेला नसता." कुणी काही बोललं नाही. लगेच पुढचा अध्याय सुरू झाला.

मला वाद घालायचा नाही. पण कुणाला निवडायचं, म्हणजे कुणाचं तारण करायचं, हे जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने ठरवलं असेल (इफिसकरांस पत्र १:४-५), तर माझ्या प्रार्थनेने काय बदलणार? आणि सगळं भावाच्याच इच्छेवर असेल, तर मी देवाकडे नक्की मागतेय तरी काय? दोन्हीकडून माझी प्रार्थनाच अडते.

उत्तर (मेथडिस्ट वाचक):
ताई, सर्व माणसांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा आहे, असं १ तीमथ्य २:४ मध्ये आहे. तो अध्याय सुरूच होतो सर्वांसाठी प्रार्थना करण्याच्या आज्ञेने. आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३९ मध्ये कृपेवरच्या प्रवचनात हाच मुद्दा लावून धरला होता: सगळं आधीच ठरलेलं असेल, तर उपदेश व्यर्थ ठरतो.

पण माणूस आपल्याच बळावर वळतो, असं आम्हीही म्हणत नाही. आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, त्यांतही स्पष्ट आहे की कृपेशिवाय माणसाला खरं चांगलं काही करता येत नाही. फक्त त्या कृपेला तो विरोध करू शकतो. म्हणजे भावाने दार लावलं तरी देवाने दार ठोठावणं थांबवू नये, हे तुम्ही मागताय.

उत्तर (कॅल्विनच्या परंपरेतला):
कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय, हे पूर्वनियोजन मी मानतो, मनापासून मानतो. म्हणूनच त्या गटातलं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. ते आमच्या शिकवणीत बसत नाही.

आर्मिनियसच्या अनुयायांना उत्तर द्यायला १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समध्ये डॉर्टची चर्च-परिषद भरली. तिच्याहून कडक पूर्वनियोजनवादी दस्तऐवज शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. पण ज्यांना अजून देवाचं बोलावणं आलेलं नाही, त्यांच्याबद्दल ती काय सांगते? त्यांच्यासाठी देवाकडे प्रार्थना करणं हे आपलं कर्तव्य आहे, कारण जे नाही त्यालाही अस्तित्वात बोलावणारा तो देव आहे. ज्यांना स्वतःच्या अंतःकरणात जिवंत विश्वास अजून जाणवत नाही, त्यांनी घाबरून स्वतःला देवाने टाकलेल्यांत मोजू नये, असंही तीच परिषद म्हणते. मग दुसऱ्याने त्यांना तसं मोजायचा प्रश्नच कुठे येतो? दावीद आणि पेत्र यांचं पडणंही तिथे नावानिशी आलंय. येशूला आपण ओळखतच नाही, अशा शपथा पेत्र अंगणात वाहत होता, त्या रात्री त्याच्याकडे बघून कुणी निकाल दिला असता तर?

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत निवडीची प्रकरणं प्रार्थनेवरच्या मोठ्या प्रकरणाच्या लगेच पुढे ठेवली आहेत. तिथे तो प्राचीन मंडळीचा आचार्य ऑगस्टीन याचा आधार घेऊन सांगतो की निवडलेल्यांत कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सर्वांचंच तारण व्हावं अशी आपली इच्छा असली पाहिजे.

आता तुमची दुसरी अडचण: सगळं भावाच्याच इच्छेवर असेल तर काय मागायचं? ती ऑगस्टीनने व्हिटालिस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात आली आहे. विश्वास धरणं हे सर्वस्वी माणसाचंच काम असेल, तर अविश्वासणाऱ्यांना वळव अशी प्रार्थना मंडळी देवाकडे का करते, असं तो विचारतो. भावाच्या मनाला देव हात लावू शकतो, आणि तरी ते मन भावाचंच राहतं, एवढ्या भरवशावर तुमची प्रार्थना उभी आहे. मला तर वाटतं, गुडघ्यांवर असताना मेथडिस्ट आणि आम्ही एकच गोष्ट मागतो.

उत्तर (कॅथलिक वाचक):
आमच्याकडची थोडी भर. आपण नक्की पूर्वनियोजितांत आहोत असं विशेष प्रकटीकरणाशिवाय कुणी गृहीत धरू नये, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये सांगितलं. कृपा आणि स्वातंत्र्य कसं जुळतं, यावर डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन कॅथलिक संघांचा वाद रोममध्ये वर्षानुवर्षं चालला. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच तो थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली.

धाकटी बहीण:
सगळ्यांचे आभार. पण पौलाच्या रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय उघडला की धस्स होतं. देवाने इजिप्तचा राजा फारो याचं मन कठीण केलं, देव कुंभार आणि माणूस माती... मी तिथेच थांबते.

कॅल्विनच्या परंपरेतला:
तिथे थांबू नका, ताई. मागे जा आणि पुढेही. त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल म्हणतो की आपल्या भाऊबंदांसाठी त्याच्या मनात अखंड वेदना आहे. त्यांच्याऐवजी आपणच ख्रिस्तापासून तोडले जावं इतकी. ९:१८ लिहिणाराच १०:१ मध्ये त्यांच्या तारणासाठी देवाकडे विनंती करतो. निवडीवर एवढं कठोर लिहूनही त्याला प्रार्थना फोल वाटली नाही. पुढे ११:२३ मध्ये तोडलेल्या फांद्या पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे, असंही तोच लिहितो.

फारोबद्दल देव स्वतः मोशेशी बोलला होता. तुमच्या भावाबद्दल तो त्या गटातल्या कुणाशी बोललेला नाही. निर्गम ८:१५ आणि ९:१२ शेजारी ठेवून वाचा: एका ठिकाणी फारो स्वतः मन कठीण करतो, दुसऱ्या ठिकाणी देव करतो. दोन्ही वचनं आहेत. त्यांतलं एक पुसून उत्तर सोपं करायला माझा हात उठत नाही, आणि ११:३३ ला पोहोचल्यावर पौलही उलगडा करत बसत नाही, स्तुती करतो.

पुढच्या अभ्यासात १०:१ मोठ्याने वाचा आणि भावासाठी प्रार्थना पुन्हा मागा. भावाला मात्र यातलं काही ऐकवू नका. तो खोटे गुडघे टेकत नाही, हे तुम्हाला पटतं एवढंच त्याला सांगा आणि त्याच्याशी बोलत राहा. आज रात्रीपासून मीही त्याच्यासाठी प्रार्थना करतो. नाव सांगायची गरज नाही.